लाल दोऱ्याच्या मासोळ्या

६ जानेवारी, सोमवार

नववीच्या चाचणीचे पेपर तपासून झाले. कपाळाला हात! प्रश्न किती साधा — तीन वाट्या तांदळाला सहा वाट्या पाणी लागतं, तर पाच वाट्यांना किती? अर्ध्या वर्गाने लिहिलंय आठ. का, तर तांदूळ दोनने वाढले म्हणून पाणीही दोनने वाढवलं. घरी असा भात रांधला तर आई पातेलं डोक्यात घालेल, पेपरात मात्र खुशाल चालतं!

हेडमास्तर नंदलाल सरांनी गठ्ठा चाळला. म्हणाले, "मॅडम, एका पालकाची तक्रार आहे. तुम्ही गणिताच्या तासाला खेळ खेळवता म्हणे." कोणाची, ते सांगेनात. "पुढच्या महिन्यापासून नववीचं गणित मी घेतो. तुम्ही चित्रकला पाहा."

चित्रकला! मला धड मांजर काढता येत नाही.

माझा संशय दुर्गेश्वरीच्या बापावर. ती पोरगी जूनपासून शेवटच्या बाकावर बसते, खिडकीबाहेर बघते, तोंडातून शब्द नाही. तिला माझा तास आवडत नाही हे आंधळ्यालाही दिसेल.

८ जानेवारी, बुधवार

माझं तोंड! कोणीतरी सुईदोऱ्याने शिवून टाका.

शाळा समितीची बैठक होती. अध्यक्ष केशोराव — आमच्या नववीतल्या मोनूचे वडील. बारा एकर धान, शेतात स्वतःची बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि बोडीत मासे. नंदलाल सरांनी चित्रकलेचं काढलं आणि माझी सटकली. म्हटलं, गुणोत्तर म्हणजे पुस्तकातलं त्रैराशिक घोकणं नव्हे. माझी मुलं तुमच्या बोडीतले मासे पाणी न उपसता मोजून दाखवतील!

सगळे हसले. केशोराव सगळ्यात जोरात. "होळीच्या आधी तं मी बोडी रिकामी करूनच राहिलो. उन्हाळी धानाले पानी पाह्यजे. पहिले तुमी आकडा सांगा, मंग आमी मोजू. जमलं तं नववी तुमची. नाई जमलं तं काढा चित्रं."

दुपारपर्यंत ही बातमी पाचवीपर्यंत पोचली होती.

१० जानेवारी, शुक्रवार

काय दिवस होता! घरून लाखोरीच्या कडधान्याची बरणी नेली. चाळीस दाणे काढले, लाल शाईने रंगवले, परत टाकले, बरणी खदखदा हलवली. मग स्वप्निलला न बघता मूठ भरायला लावली. मुठीत तीस दाणे, त्यातले तीन लाल.

"म्हणजे दहात एक लाल," मी म्हटलं. "मुठीत दहात एक, तर बरणीत?"

स्वप्निल एकदम उभा राहिला. "बरनीत बी तेवढंच! मंग चारीस हा दहावा हिस्सा. चारशे, मॅडम, चारशे!"

सगळी बरणी फरशीवर ओतून मोजली. चारशे बारा! वर्ग असा ओरडला की घंटा ऐकूच आली नाही. नंदलाल सर दारात येऊन फरशीवरची लाखोरी बघत राहिले. बघू देत! मी आज हवेत आहे.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा सुटली तशी सगळी वरात केशोरावांच्या बोडीवर. त्यांनी जाळं टाकलं, आम्ही टपात पाणी भरून मासे घेतले आणि शेपटीच्या मुळाशी लाल दोरा बांधला. सैल, ओल्या हाताने, आणि लगेच पाण्यात. पन्नास बांधायचे होते.

पोरांच्या हातातून मासे निसटत होते, किंचाळ्या नुसत्या! एकटीच्याच हातात मासा निवांत राहायचा — दुर्गेश्वरीच्या. बोलली नाही, हसली नाही, पण निम्म्या गाठी तिनेच मारल्या. निघताना सगळ्यांत मागे तीच. दोनदा हाक मारली तेव्हा बोडीच्या काठावरून, पाळीवरून उठली.

दोन आठवडे मासे मिसळू द्यायचे. दोन आठवडे! मला दोन तास धीर धरवत नाही.

२० जानेवारी, सोमवार

परिपाठाला नंदलाल सरांनी दुर्गेश्वरीला हटकलं. एका वेणीला लाल रिबीन नव्हती. "हरवली," म्हणाली. जूनपासून ऐकलेला हा तिचा पहिला शब्द!

१ फेब्रुवारी, शनिवार

शून्य.

केशोरावांनी पहाटेच जाळं मारून मासे टपात ठेवले होते. आम्ही पोचलो, मोजले. पस्तीस मासे. लाल दोऱ्याचा एकही नाही! पुन्हा मोजले. नाही म्हणजे नाही. सगळे परत बोडीत सोडले.

स्वप्निलने मांडलंही — पन्नासाला एकूण, तसे शून्याला पस्तीस. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "मॅडम, मंग तं मासोऱ्या संपतच नाई!" इतकं अचूक बोलला की त्याला मिठी मारावी की रडावं कळेना.

केशोराव मिशीत हसत होते. "मॅडम, चित्रकलेच्या वह्या आनल्या का?"

२ फेब्रुवारी, रविवार

कुठे गेले माझे पन्नास मासे? दोरे सुटले? सगळे? मेले? आईने पोहे पुढे ठेवले. "खा ले बेटा, मछली के पीछे भूखी मत रह." खाल्ले नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

सापडले! सापडले!!

मधल्या सुट्टीत मोनू धापा टाकत आला. "मॅडम, आमच्या आजीनं गोंधर केला!"

शाळा सुटताच स्वप्निलला घेऊन मोनूच्या घरी. मोनूची आजी देवकाबाई ओसरीवर लाखोरीची भाजी निवडत बसली होती. दोरे बांधले तेव्हा ती कोहमाऱ्याला लेकीकडे होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. शनिवारी पहाटे ती बोडीवर गेली. केशोराव जाळं ओढण्यात, ही टपाशी.

"लाल दोरा बांधलेली मासोरी कोनी खाते का वो बाई? कोनाचा तरी नवस असन. मी पाया पडली अन् पान्यात सोडून देल्ली."

नवस! अख्खं गणित या माउलीने हात जोडून पाण्यात सोडलं होतं. मला हसू आवरेना. "किती सोडल्या आजी?"

"मोजलं कोनं! पन हर मासोरीले एकेकासाठी मागनं मांगलं."

मी उडालेच. "कोणाकोणासाठी?"

देवकाबाई एकेक नाव घेत गेली आणि मोनू बोटं दुमडत गेला. केशोराव. सून रीता. मोनू. लेक चंदा. जावई. चंदाचा हिमांशू. "अन् एक आमच्या म्हशीसाठी. गाभन हाय ते."

सात! म्हशीसकट सात! पस्तीस आणि सात — बेचाळीस. स्वप्निल ओसरीवरच नाचला. मीही नाचले, लपवू कशाला. देवकाबाई मोनूला विचारत होती, "हे मॅडम अशीच हाय का रे?"

४ फेब्रुवारी, मंगळवार

फळ्यावर मांडलं. बेचाळिसात सात, म्हणजे सहात एक दोऱ्याचा. मग पन्नास हा सहावा हिस्सा. एकूण तीनशे! या वेळी बेरीज करणारे तिघेच निघाले, आणि त्यांच्याशी बाकीचे इतके भांडले की मला बोलायला जागाच उरली नाही. किती आनंदाचं भांडण!

वह्या बघत मागे गेले. दुर्गेश्वरीच्या वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ३०० लिहून ठेवलेलं. मी फळ्यावर मांडायच्या आधीच. मान वर केली नाही. मला का घाबरते ही?

आकडा समितीला लिहून दिला. केशोराव भडकले. "पाचशे पिल्लं सोडली मी पावसाळ्यात! दोनशे मासोऱ्या का उडून गेल्या?" नंदलाल सरांनी चित्रकलेचं वेळापत्रक तयार ठेवलंय. होळीपर्यंत तहकूब, एवढंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बोडीचं पाणी सोडायला सुरुवात. रोज स्कूटी थांबवून बघते. माणसं मला बघून हसतात. हसोत.

९ मार्च, रविवार

दोनशे त्र्याऐंशी!!!

अर्धं गाव पाळीवर. गुडघाभर चिखलात केशोराव, घमेल्यामागून घमेलं वर. पोरं एका सुरात मोजत होती. अडीचशेला मला वाटलं, आता थांबतच नाहीत, पाचशेला जातात! दोनशे ऐंशीनंतर घमेली रिकामी यायला लागली. दोनशे त्र्याऐंशीवर केशोरावांनी चिखलातच हात झटकले.

"सतरा चुकले," नंदलाल सर म्हणाले.

"सतरा बगळ्यानं खाल्ल्या असतीन, सर!" केशोरावच ओरडले. "मी सोताच्या बोडीत दोनशेनं चुकलो. नववी मॅडमचीच!" पोरांनी मला जवळजवळ चिखलात पाडलं.

नंदलाल सर परतताना सोबत चालले. हात मिळवला, मनापासून. तेव्हाच सांगितलं, तक्रार दुर्गेश्वरीच्याच बापाची होती. माझा अंदाज बरोबर! पण पुढचं ऐकून मी रस्त्यातच थांबले. बाप म्हणाला होता, "पोरगी घरी आली का थांबतच नाई. आज मॅडमनं हे खेळवलं, काल ते खेळवलं. झोपेपर्यंत तेच. शिकोते कवा?"

झोपेपर्यंत! ती मुकी पोरगी!

१० मार्च, सोमवार

सकाळी मोनूने सांगितलं, आजीने काल एक मासोळी विकू दिली नाही, नेऊन विहिरीत सोडली. हीच खरी नवसाची, म्हणाली. तिच्या शेपटीला आमचा दोरा नव्हता. लाल रिबीन होती.

मी शेवटच्या बाकाशी गेले. विचारलं, काय मागितलं होतंस?

खिडकीबाहेर बघतच दुर्गेश्वरी म्हणाली, "तुमी चित्रकलेले जाऊ नोका म्हनून."