आधी संदर्भसूची, मग प्रबंध

२ जून
विद्यापीठाचं पत्र. तीस तारखेपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. मुदतवाढ आता नाही. म्हणजे नोंदणी गेली की कॉलेजातली नोकरी जन्मभर तात्पुरती. घाबरेल तो मी नव्हे. विषय डोक्यात पक्का आहे: वाचनालयातून नेलेली आणि कधीच परत न आलेली पुस्तकं. सुरुवात शेवटाकडून करणार. आधी संदर्भसूची. सूची कशी छापायची हे कॉम्प्युटरला सांगणारी विद्यापीठाची तयार स्टाईल फाइल उघडून पाहिली. लेखकाच्या नावानंतर स्वल्पविराम! आपल्या प्रबंधात हे चालणार नाही. स्वतःची स्टाईल बनवणार.

३ जून
मार्गदर्शक बाईंचा फोन. पहिलं प्रकरण कुठवर आलं, असं विचारत होत्या. पायाचं काम चालू आहे म्हटलं. कसलं, तर आडनाव ठळक हवं की तिरकं, याचा दोन्ही बाजूंनी विचार करतोय. बाईंनी फोन ठेवून दिला. पटलं असावं.

७ जून
दिवसभर एकच एरर. स्टाईल फाइलमध्ये कुठलातरी कंस बंद व्हायचा राहिलाय. बायको म्हणाली, या घरात तुझा कुठला कंस बंद झालाय? अर्ध्या रंगवलेल्या कपाटाकडे बोट दाखवून गेली. कपाटाचा इथे काय संबंध?

११ जून
कंस सापडला! आजचे निर्णय: एकाच लेखकाचं दुसरं पुस्तक आलं की नावाच्या जागी लांब रेघ. तीनपर्यंत लेखक असले तर सगळ्यांची नावं. चार झाले की फक्त पहिल्याचं, पुढे ‘व इतर’. बायकोला वाटतं, बाकीच्यांवर अन्याय होतो. शिस्त म्हणजे शिस्त. नाव छापून यायची एवढी हौस असेल तर पहिलं यावं.

सूची कशी दिसते ते कळावं म्हणून कॉम्प्युटरला तात्पुरती आज्ञा दिली: मजकुरात उल्लेख असो वा नसो, गोळा केलेली सगळी पुस्तकं छाप. बारा पानं झाली! डोळ्यांचं पारणं फिटलं.

१५ जून
कॉम्प्युटर ‘क्ष’ला ‘क’मध्ये कोंबतो. शाळेत आम्ही तो ‘ह’च्या पुढे, शेवटी शिकलो. तसाच आणणार, मग कॉम्प्युटर आडवा आला तरी बेहत्तर. बायकोने विचारलं, तुझ्या यादीत ‘क्ष’वरून नाव असलेला लेखक आहे तरी का? नाही. पण उद्या आला तर?

१८ जून
मेहुणी आली होती. तीही पीएचडी करतेय, नोंदणी माझ्या कितीतरी नंतरची. सूची बघून म्हणाली, भाऊजी, काय देखणी झालीय हो! स्टाईल फाइल मागितली. दिली. वर वडीलकीचा सल्लाही दिला, की घाई करू नकोस. तिचं म्हणे सगळं लिहून झालंय, फक्त सूचीचंच घोडं अडलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

२३ जून
बाईंना सूची नेऊन दाखवली. चष्मा लावून एकेक पान पाहिलं. सुरेख आहे म्हणाल्या. मग, प्रबंध कुठाय? म्हटलं, आता काय, फक्त लिहायचाच राहिलाय. बाईंनी चष्मा काढून ठेवला.
बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, बाजारात तुरी. पुढची म्हण ऐकायला मी थांबलो नाही.

२७ जून
बाईंचा निरोप. मजकुरात उल्लेख आहे तेवढीच पुस्तकं सूचीत चालतात, बाकीची तपासणीवाले काढायला लावतात. म्हणजे ती तात्पुरती आज्ञा तेवढी पुसायची. एका ओळीचं काम.

२९ जून
प्रस्तावना लिहिली. सव्वा पान. सगळे विचार स्वतःचे, कुणाची उसनवारी नाही.

३० जून, सकाळी
आज्ञा पुसली. फाइल चालवली. पहिल्यांदाच एकही एरर नाही! वर ‘संदर्भसूची’ हे शीर्षक. ठळक, मधोमध, अंतर अगदी हवं तेवढं. खाली कोरं पान.
पुन्हा चालवली. कोरं.
बाईंना फोन करून कॉम्प्युटर बिघडल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मजकुरात एकाही पुस्तकाचं नाव नसेल तर तो बिचारा छापणार काय? बिघाड कॉम्प्युटरमध्ये नाही.
हा नियमच मुळात सदोष आहे. विद्यापीठाला कडक पत्र लिहिणार. पत्राचा मसुदा सुरू. आधी समासाचं बघू.

१२ जुलै
नोंदणी रद्द. त्यांचंच नुकसान. स्टाईल फाइल त्यांना मागूनही मिळणार नाही.

९ सप्टेंबर
मेहुणी प्रबंधाची बांधीव प्रत देऊन गेली. विद्यापीठाने स्वीकारला. आधी शेवटची पानं उघडली. आडनावं ठळक. रेघ बरोबर लांबीची. ‘ह’ संपल्यावर, अगदी शेवटी, ‘क्ष’वरून नाव असलेला एक लेखक. आला होता तर! डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.
मग ऋणनिर्देशाचं पान काढलं. माझं नाव शोधलं. वरून खाली, खालून वर.
एकच ओळ होती: ‘माझी ताई व इतर.’
बायकोने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. नियम बरोबर पाळलाय.