वाघाच्या सालातली मुलगी

९ मार्च, सायगॉन

पोचलो! पाठीवर नातीची जांभळी सॅक, तिच्यावर मांजराचं भलंमोठं तोंड. सादेकपासून इथपर्यंत लाय त्या मांजराकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुम्हाला शोभतंय." तिची सॅक मुलाची, लष्करी हिरवी, कमरेखाली लोंबते. आमच्या दोघांच्या वयाची बेरीज एकशे अठ्ठेचाळीस.

माझ्या मुलीला, त्रामला, वाटतंय मी निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्याला गेलोय. लायच्या तुआनला वाटतंय, आई शेजारणींबरोबर पॅगोडांच्या यात्रेला गेलीय. मी म्हटलं, पाप लागेल. "बुद्ध सगळीकडे असतो," म्हणाली. "सायगॉनमध्येही असेल कुठेतरी."

गेस्टहाउसची मालकीण तिशीची, केस पिवळे केलेले. ओळखपत्रं घेतली आणि विचारलं, "आजोबा, खोली एक की दोन?"

मी घसा साफ करत होतो. तेवढ्यात लाय म्हणाली, "एक. खाटा दोन. हे घोरले तर उद्या दुसरी बघू."

इथे लिहून ठेवतो, म्हणजे पळवाट राहणार नाही — तेरा तारखेला दुपारची परतीची गाडी. तिच्या आत लायला विचारायचं: राहिलेले दिवस माझ्या घरी राहशील का? इतकंच.

१० मार्च

घोरलो म्हणे. दुसरी खोली मात्र घेतली नाही.

सकाळभर पायी. लाय चाळीस वर्षं इथे सुईण होती, तिला गल्ल्या पाठ. रस्ता ओलांडताना माझं मनगट धरलं. "थांबायचं नाही, पळायचं नाही. एका चालीने चला, स्कूटरवाले आपोआप वळतात." शेकडो स्कूटर अंगावर आल्या आणि वळल्या. पलीकडे पोचल्यावरही तिने मनगट सोडलं नाही. दहा पावलं. मी मोजली.

दुपारी बर्फाची कॉफी. चमचा फिरवता फिरवता मला माझा वर्ग आठवला. पत्र्याचं छप्पर, चाळीस पोरं, सहा अक्षरांची एक ओळ, मग आठ अक्षरांची, पुन्हा सहा — सगळे एका सुरात डोलायचे. बाहेर नदी. तशी कविता आता कुणी पाठ करत नाही.

"मास्तर, बर्फ वितळला," लाय म्हणाली.

त्रेपन्न वर्षांपूर्वी मी हिला मागणी घातली होती. म्हणजे आईला पाठवलं होतं, नदीपलीकडे. आई दुपारीच परत आली. आमच्याकडे दर सालाला एका प्राण्याचं नाव असतं; पोरगी वाघाच्या सालातली निघाली! वाघाची पोरगी नवऱ्याला खाते — विषय संपला. मीही काही बोललो नाही. लाय सुईणपण शिकायला सायगॉनला निघून गेली. पुढे दोघांची लग्नं झाली, चांगली झाली. दोघांची माणसं गेली. दोन वर्षांपूर्वी सादेकच्या बाजारात शेवयांच्या गाडीपाशी मागून आवाज आला — "मास्तर, रांग मोडू नका!"

आईशी मात्र मी नंतर कधी धड बोललो नाही. शेवटच्या आजारात तिने मागितलं, लहानपणी म्हणायचास ती नदीची कविता म्हण. म्हटलं, आठवत नाही.

आठवत होती.

११ मार्च

विचारलं नाही. सहा-आठच्या चालीत मागणी रचतोय. दुसऱ्या ओळीला यमक जुळत नाही.

१२ मार्च

गडबड झाली.

मालकिणीने दोघांची ओळखपत्रं माझ्या हातात ठेवली. "आजोबा, सांभाळा. आजींचा फोटो काय सुंदर आहे!" फोटो बघितला. मग खालची तारीख. ९ फेब्रुवारी १९५१.

५१ साली तेत कधी होता? नवं साल तेतला लागतं. तोवर जन्मलेला वाघ, त्यानंतरचा मांजर. लायला सांगितलं, औषधं आणतो, आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने शिडीवर चढून जुनं पंचांग काढलं, धूळ माझ्याच अंगावर झटकली. तेत — ६ फेब्रुवारी.

तीन दिवस! लाय तीन दिवसांनी मांजर आहे!

आपल्याकडे कागदावरच्या तारखांचा भरवसा नाही, हे खरं. माझ्याच ओळखपत्रावर मी दोन वर्षांनी लहान आहे. तरी — आईने चुकीचं साल मोजलं. एवढा हिशोब तिला जमला नाही! दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

लायने विचारलं, "औषधं कुठायत?" म्हटलं, संपली होती.

१३ मार्च

गाडी दोनची. सकाळी कणीचा भात आणि भाजलेलं डुकराचं मांस. मी एक घासही घेतला नाही. ओळखपत्र तिच्या ताटलीशेजारी ठेवलं.

"तू मांजर आहेस."

"माहीत आहे," लाय म्हणाली. "लोणचं घ्या."

"माझ्या आईने चूक केली! त्रेपन्न वर्षं—"

"तुमच्या आईने काही केलं नाही. साल विचारलं. मी म्हटलं, वाघ."

पुढे तिने मांसाचे बारीक तुकडे केले. माझ्या ताटलीतल्याचेसुद्धा, माझे दात तिला ठाऊक आहेत.

म्हणाली, सायगॉनच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. चार दिवसांत निघायचं होतं. "नुसतं नाही म्हटलं असतं तर तुम्ही थांबला असतात. वर्षानुवर्षं घाटावर उभे. मला इथे रोज तेच दिसलं असतं, शिकणार काय मी?"

"मला खरं सांगायचं होतंस."

"सांगायलाच आले होते. त्या संध्याकाळी, घाटावर. तुम्ही कविता सुरू केलीत. दोन होड्या गेल्या, मास्तर. तिसरी शेवटची होती, ती मला धरावी लागली."

मी म्हटलं, आईला मी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

लायच्या हातातला चमचा थांबला. हे तिला माहीत नव्हतं.

गाडीतही मागणी तशीच खिशात. सादेकचा पूल आला, लायचा थांबा आला. ती उठली नाही.

१४ मार्च, सादेक

काल घरी पोचल्यावर सॅकसकट आईच्या फोटोपुढे उभा राहिलो. माफी मागितली. नदीची कविता म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लाय मागे उभी होती, मधे बोलली नाही.

मग तिने उदबत्ती पेटवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सासूबाई, मी मांजर. खोटं बोलले होते."