आईची पांढरी साडी

प्रिय ओमकार,

माझं पत्र बघून घाबरू नकोस, लग्नाचं विचारणार नाही. फोनवर तू 'बघू' म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या सिनेमात मला भूमिका मिळाली याचा आनंद मानायचा की नाही, हेच मला कळेनासं झालंय. गोदामात ड्युटीवर सगळ्यांना पेढे वाटले आणि घरी येऊन एकटीच रडले. आईने तर कामतघरची अख्खी चाळ डोक्यावर घेतलीय. राजपुत्राची नायिका, आणि तीही आपल्या घरातली, आपल्या रंगाची!

तुमचे दिग्दर्शक माणूस भला आहे. ऐतिहासिक सिनेमांत नुसता राजवाडाच दिसतो, आपल्या सिनेमात सगळ्या समाजांची माणसं हवीत, असं ते मनापासून म्हणाले. ऑडिशनच्या निरोपात होतं, घरच्या पारंपरिक पेहरावात या. मला वाटलं, फार तर राणीची दासी मिळेल. आईने ट्रंकेतून तिच्या लग्नातली साडी काढली, पांढरी, निळ्या काठाची, आपल्या बौद्ध लग्नात नवरी नेसते तशी. नेसवताना एवढंच म्हणाली, "माज्या लग्नाची हाय ती, डाग पडू देऊ नको."

मला बघताच दिग्दर्शकांनी टाळीच वाजवली. राजपुत्र जिच्यावर जीव टाकतो ती तरुण विधवा त्यांना सापडली होती. मी विधवेचा वेश करून आले असंच त्यांना वाटलं, आणि माझ्या तयारीचं त्यांनी केवढं कौतुक केलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घालून तू लिहिलेल्या संवादांची पानं चाळत होतास. माझीही जीभ उचलली नाही. इतकी मोठी भूमिका समोर होती रे.

आता शूटिंगला त्यांना हीच साडी हवीय. आईने इस्त्री करून ठेवलीय. तिला काय सांगू? आपला समाज पडद्यावर आला खरा, पण तुझ्या लग्नाच्या साडीत मला विधवा केलंय, असं? राग येतो, पण कुणाचा ते ठरत नाही. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

तुला माहीत होतं. माझ्या ताईच्या लग्नात पंगतीत वाढत होतास तू. तुझी आईही आली होती, आणि पांढऱ्या साडीतली नवरी बघून घरी गेल्यावर म्हणाली, असली अवकळा आपल्या दारात नको. हे तूच मला सांगितलंस. तू आईला काय उत्तर दिलंस, ते मात्र कधीच सांगितलं नाहीस. आणि आता तुझा राजपुत्र भर दरबारात प्रेमासाठी बापाला सुनावतो. वाचून आधी हसू आलं, मग डोळे भरले. छान लिहिलंयस, हेही खरंच.

सोमवारी दिघाशीच्या सेटवर पहिला दिवस. मी तीच साडी नेसून येणार आहे, आणि सोबत आई असेल. तिच्यादेखत, सगळ्यांसमोर तू सांग की ही नवरीची साडी आहे. विधवा मी दुसऱ्या कुठल्याही साडीत उभी करीन. भूमिका गेली तर जाऊ दे. मला सांगता येत नाही असं नाही, पण एकदा ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, त्यासाठीच हे पत्र. तू पुन्हा पानं चाळत बसलास तर मीच सांगेन. मग निदान तुझ्याबद्दलचा माझा गोंधळ तरी मिटेल.

तुझीच म्हणायचं की नाही, ते सोमवारी ठरेल.

धम्मदिना