चौथ्या आईचं नाव

ता. ३ एप्रिल

चि. कल्पितास,
सखुआजीचा आशीर्वाद आणि एक मोठी पापी. इकडे सारी खुशाल.

तुझ्या चांदवीच्या गोष्टीच्या दुसऱ्या भागाचा गठ्ठा पोचला. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहिते. माझी शाळा दुसरीत सुटली, एक पान वाचेपर्यंत भात करपतो; म्हणून शेजारची प्रणाली वाचते आणि आम्ही आठ जणी वाल सोलत ऐकतो. काल केसरने गुंगीत वाल फेकले आणि सालं शिजवली.

पण माझं एक भांडण हाय. पहिल्या भागात चांदवीच्या आजीला बाराव्या पानावर मारलीस, मी गप बसले. आता ही पोर आईचं घराणं शोधत निघाली. बोलक्या तलवारीला विचारते, आरशाला विचारते, तीन तोंडांच्या मगरीलाही विचारते. दोनशे पानांत एका म्हातारीला विचारत न्हाय! केसर म्हणाली, कोणाची लेक कुठे दिली ते मगरीला काय कपाळ ठाऊक. आपल्या मिठागरावर नवी बाई दिसली की पाणी द्यायच्या आधी तिचा मामा कुठला ते विचारतात.

मगरीचं तेवढं बघ. लोभ हायच, पातळ होऊ देऊ नको.
तुझी सखुआजी


पुणे, ता. ११ एप्रिल

ती. आजीस,
कल्पिताचा शि. सा. न. वि. वि.

मगर काढली. तलवार ठेवलीय, तिच्यावर माझा जीव आहे. आता चांदवी एका म्हातारीलाच विचारते. म्हातारी तिला एका दारापाशी नेते; आईकडच्या चार पिढ्यांच्या बायकांची नावं घेतल्याशिवाय ते उघडत नाही. राण्यांची नावं रचून पाहिली, सगळी साबणाच्या वड्यांसारखी वाटतात. म्हणून आपलीच उसनी घेतली: माझी आई पूनम, तिची आई तू सखू, तुझी आई रंगू. चौथी तुझी आजी, रंगूची आई. तिचं नाव काय गं? तीस तारखेला शेवट हाती आला नाही तर पुस्तक रद्द, असं प्रकाशकबाईंनी बजावलंय. एका शब्दाचं काम आहे, लगेच कळव.

वाल सोलणाऱ्या मंडळाला मगर गेल्याचं सांग. माया आहे तशीच राहो.
तुझी कल्पिता


ता. १६ एप्रिल

चि. कल्पितास आशीर्वाद.

एका शब्दाचं काम म्हणे! माझी झोप उडाली. मला माझ्या आजीचं नावच ठाऊक न्हाय. आजोळी तिच्या मांडीवर वाढले गो मी! आम्ही आजी म्हणायचो, सुना आत्याबाय म्हणायच्या, आजा तर नुसता अगो म्हणायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात धवले गायले, दोन्ही घराण्यांची नावं सुरात घेतली, आणि घरचीच बाई सुटली. भाऊ मोरूला विचारलं, तर म्हणतो आजी म्हणूनच छाप, कोण बघतंय. आजोळचे जुने कागद काढले. त्यात आजाचं नाव हाय, त्याच्या बैलाचा रंगसुद्धा हाय. तिचं न्हाय.

साबणाचं नाव लावू नकोस, थांब. तिचं माहेर किहीमचं, एवढं ठाऊक हाय. मी आणि केसर निघतो.
सखुआजी


ता. २६ एप्रिल

चि. कल्पितास अनेक आशीर्वाद.

टपालाला वेळ न्हाय, म्हणून हे मोरूच्या हाती देते. त्याला पोटभर जेवू घाल, निघताना फार कुरकुरलाय.

किहीमला आम्हांला सगळे पाहुण्याच समजले. एकाने खोली एसीची हवी का विचारलं, केसर म्हणाली आम्हांला म्हातारी हवी. दोन म्हाताऱ्या भेटल्या, त्यांनी माझीच सात कुळं विचारून घेतली. तिसरी नव्वदीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, हे नाक आमच्या आळीचं. मग नाव सांगितलं.

धोंडी.

तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हिचं नाव धोंडी ठेवलं. मरण घरात आलं तर त्याला वाटावं, इथे पोर न्हाय, दगड हाय. आणि फसलं गो ते! ती जगली, म्हणून रंगू झाली, मी झाले, पूनम झाली, आणि पुण्यात बसून मगरी पाळणारी तू झालीस.

नाव राणीचं न्हाय. प्रकाशकबाई नाक मुरडतील, मुरडू दे. पण बदलू नकोस. ज्या नावाने मरण परत गेलं, त्याच्यापुढे तुझ्या दाराची काय बिशाद!

जीव लावतेस तेवढा लावत राहा.
धोंडीची नात,
सखू