संध्याकाळी न सापडणारा मोडेम

९ नोव्हेंबर

दादा,

आधी नमस्कार, मग भांडण, अशी आईची शिकवण. नमस्कार झाला.

आता सांग, त्या मशीनला काहीही झालं की माझंच नाव कसं निघतं? माऊस अडकला, उपद्व्यापाने काहीतरी केलं असणार. छापताना कागद चुरगळला, उपद्व्यापच. मी एवढ्या लांब येऊन बसलोय तरी माझा हात तुमच्या टेबलापर्यंत पोचतो, म्हणजे कमालच आहे. आणि आता म्हणे मोडेम. "तुझ्या त्या फुकटच्या सिस्टिमने मोडेम खाल्ला," असं लिहिलंयस. दादा, सिस्टिम मोडेम खात नाही. तिला दात नसतात.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे तू मी निघालो तेव्हाही ऐकवलं होतंस. मशीन म्यान नाही रे, कपाट आहे. वरचा कप्पा तुझा, त्यात तुझी जुनी सिस्टिम आणि कुलपांच्या ऑर्डरी. खालचा कप्पा मी वहिनीला करून दिला, त्यात माझी फुकटची सिस्टिम, तिच्या टायपिंगसाठी. सुरू होताना मशीन विचारतं, कोणता उघडू? ज्याला जो हवा तो त्याने उघडावा. यात भांडायला जागाच नाही, तरी तू काढलीस.

पण वहिनी ज्या वकिलाचं टायपिंग करते त्याचं वाचलं आणि हसू गेलं. रोज संध्याकाळी पानं पाठवायची, आणि मशीन म्हणतं मोडेम सापडला नाही. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून तो दुसरीकडून टाईप करून घेणार. आणि तुझा इलाज काय, तर महिनाअखेरीला मेकॅनिकला बोलावून माझी सिस्टिम पुसून टाकायची. त्या मेकॅनिकने काय बघितलं? दुपारी आला, तुझी सिस्टिम उघडली, मोडेम सापडला. वहिनीची उघड म्हटल्यावर नाक मुरडलं, हे आपण बघत नाही म्हणाला, पैसे घेतले आणि गेला. मी त्याला नावं ठेवत नाही, मीही असे पैसे घेतलेत. पण त्याच्या बोलण्यावर घर पाडू नकोस.

आमचा मुकादम म्हणतो, कुठे चालत नाही ते सगळेच सांगतात, केव्हा चालत नाही ते विचारत जा. म्हणून तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू बसतोस सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मेकॅनिक आला दुपारी. वहिनी बसते दिवेलागणीला. तुझी सिस्टिम संध्याकाळी कुणी उघडून बघितलीये का? नाही. कशी बघणार, पासवर्ड तू बायकोलासुद्धा देत नाहीस. मग दोष सिस्टिमचा की वेळेचा, हे तुला कसं कळलं?

आणि तुझ्या पत्राच्या तळाशी वहिनीने दोन ओळी लिहिल्यात, त्या तू वाचल्या नसणारच. ती म्हणते, "भावजी, तुमच्या सिस्टिममध्ये त्या डबीचे दिवेपण लागत नाहीत, तसंच असतं का?" वहिनीला म्हणावं, जिंकलीस. दादा, मोडेमच्या डबीचा दिवा सिस्टिमच्या मेहेरबानीवर लागत नाही. तो भिंतीतल्या विजेवर लागतो. दिवा नाही म्हणजे वीज नाही. आणि मशीन सुरू होताना एकदाच घरभर नजर फिरवतं, कोण कोण हजर आहे बघतं. तेव्हा डबी झोपलेली असली की तिची गैरहजेरी लागते. मग नंतर बटण दाबून काय उपयोग? पुन्हा सुरू करावं लागतं.

तेव्हा करायचं एवढंच. हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी मशीन चालू करायच्या आधी, फोनच्या स्टुलामागे जे बटण आहे ते बघायचं. बंद असणार. चालू करायचं, डबीचे दिवे लागू द्यायचे, मग मशीन. तुझ्या सिस्टिममध्येही सापडेल, वहिनीच्याही. नाही सापडला तर माझी सिस्टिम खुशाल पूस, मी ब्र काढणार नाही. हे मी लिहून देतोय, जपून ठेव.

आता तू विचारशील, बटण बंद कोण करतं. मीही आधी तुझ्यावरच संशय घेतला होता, इस्त्रीसाठी डबीची पिन काढत असशील म्हणून. पण तू तर दुकानात असतोस. वहिनीला तिथे बटण आहे हेच माहीत नाही. मग त्या स्टुलाशेजारच्या खुर्चीत दुपारनंतर कोण बसलेलं असतं?

दादा, तिला ओरडू नकोस.

मी मागे फोन केला होता ना, तेव्हा तुझं काहीतरी डाऊनलोड चाललेलं. बूथवर माझ्यामागे ही रांग, आणि माझ्या कानात नुसतं टुक टुक. शेवटी लागला तेव्हा आईच होती. मी चिडून म्हणालो, तुमची लाईन कायम अडकलेली, परत करायचाच नाही फोन. ती हसली. म्हणाली, "तू कर रे, मी बघते लाईनचं." मी म्हटलं, तू काय बघणार डोंबल.

बघितलं तिने. डबीचे दिवे लागले की फोन मुका होतो, एवढंच तिने ताडलं, आणि तिचं चुकलं नाही, डबी लाईनवर असली की बाहेरून फोन लागतच नाही. मी फोन करायचो तो संध्याकाळीच. म्हणून ती संध्याकाळी डबी बंद करून बसते, झोपायच्या आधी परत चालू करत असणार. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही.

आणि मी तेव्हापासून फोन केलेला नाही.

बूथ लांब आहे, पाळी बदलते, ही कारणं माझ्याकडे आहेत आणि ती खरीपण आहेत. पण तिला मी सांगून ठेवलं होतं की उन्हाळा संपेपर्यंत टेस्टिंगच्या खोलीत बसेन, खुर्ची मिळेल, पंखा मिळेल. अजून शिडीवरच आहे. छताच्या पत्र्यांमधून केबल ओढतो, टॉर्च दातात. खालच्या ऑफिसातल्या बाईला माझे फक्त पाय माहीत आहेत, ती बुटांना गुड मॉर्निंग म्हणते. काम मला येतं, मुकादम अवघड जागी मलाच चढवतो. पण खुर्चीसाठी लेखी परीक्षा आहे, आणि लिहायच्या परीक्षेशी माझं कसं जमतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत. एकदा आपटलो. फोन केला की ती पहिलं तेच विचारणार, "बसलास का रे खुर्चीत?" म्हणून नाही केला. जानेवारीत पुन्हा बसतोय. या वेळी काढतो, बघच तू. पण तोवर तिने दिवे विझवून बसायचं, हे काही बरोबर नाही.

तर ऐक. दर रविवारी सकाळी नऊला मी फोन करणार. तेवढा वेळ तुझ्या कुलपांनी दम धरावा. तिला संध्याकाळी वाट बघू नकोस असं म्हणू नका, नुसतं सांगा की रविवारी सकाळी येईल. बटणाचा विषय तर काढूच नका. वहिनीने बसताना ते गुपचूप चालू करावं आणि पानं गेली की उठताना आपल्या हाताने बंद करावं. आईला ते बंदच दिसलं पाहिजे. पहिल्या रविवारी काय सांगायचं ते मी ठरवलंय. शिडीवरूनच बोलतोय, असं सांगेन.

वहिनीला म्हणावं, वकिलाला त्याच संध्याकाळी पानं पाठव. आणि तू मेकॅनिकला नको म्हणून कळव. जमलं तर तिला पासवर्डपण दे, कुलूपवाल्याच्या घरात एक किल्ली जास्त असली म्हणून बिघडत नाही.

तुझ्या मशीनपासून लांब असलेला,
तुझाच
उपद्व्याप

ता. क. टेलिफोन ऑफिसात दुसऱ्या लाईनचा अर्ज कर. एक डबीसाठी, एक आईसाठी. अनामत आणि तारवाल्याची मजुरी धरून पैसे पाठवतोय. उरले तर त्या खुर्चीला उशी घे. सगळे मिळून चार हजार दोनशे.