शिवानीची जट मी कापली

मी, चिमणाबाई आकाराम पोवार, वय ७१, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, अक्षरही माझेच आहे. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. दोन खोल्यांचे घर मुलगा सयाजी आणि त्याची आईवेगळी मुलगी, माझी नात शिवानी यांना निम्मे निम्मे. शिवानीचे लग्न झाले तरी तिचा हिस्सा तिचाच राहील.

२. चाळीस वर्षे मी नवऱ्या मुलींचे खोपे आणि अंबाडे घातले. त्या कामाची शिसवी फणी व गंगावणांची पेटी शिवानीला द्यावी. आरसा जाऊ बयाबाईला द्यावा. तिने जन्मभर माझ्या अंबाड्याला गोवरी म्हटले, आता स्वतःचा बघत बसावे.

३. हे आजवर कोणाला सांगितले नाही. माझी धाकटी बहीण विठा आईविना वाढली. तिची वेणी घालायचे काम माझे होते. ती रडायची म्हणून मी कंटाळले आणि महिनाभर फणीच लावली नाही. केसांचा गुंता झाला. घरच्यांनी तो देवीचा कौल मानून हळद लावली आणि नवव्या वर्षी विठाला देवीला सोडले. गुंता माझ्या आळसाचा होता, हे मी बोलले नाही. तिशीत ती गेली, तेव्हा जटेसकट तिला माती दिली. याची मला लाज वाटते.

४. यंदा शिवानी टायफॉईडने महिनाभर पडून होती. तिच्या मानेवर गुंता झाला आणि सयाजीने भंडारा लावला. मी कात्री मागितली तर म्हणाला, "आई, जट कापली की घरातलं माणूस जातंय."

मी म्हटले, "जायाचंच आसंल तर मी म्हातारी हाय की."

काल दुपारी मी ती कापली.

५. मला बारा वर्षे रक्तदाब आहे, दोनदा छातीत कळ येऊन गेली आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. मी उद्या जरी मेले तरी या दुखण्याने मेले. हे कलम माझ्या बाराव्याला मोठ्याने वाचावे, कारण गल्लीत आणखी एका पोरीच्या डोक्याला हळद लागली आहे.

६. कापलेली जट माझ्या सरणावर ठेवावी. जट का कापली हे देवीला विचारायचे असेल तर तिने मला विचारावे. मलाही तिला विठाबद्दल विचारायचे आहे.

७. सयाजी, मी गेल्यावर शिवानीचे केस तू रोज विंचर. गुंता खालून सोडवत वर जायचे. वरून ओढू नकोस, तिला दुखते.

चिमणाबाई आकाराम पोवार (सही)

आम्हांसमक्ष सही केली:
प्रसेनजीत कांबळे, शिक्षक, शेजारी (सही)
राजनंदिनी माने, परिचारिका (सही)

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ मार्च २००१