अर्धा लोलक

प्रिय सूनबाई,

कोर्टाने तुमचं लग्न मोडलं, पण माझ्या जिभेची सवय मोडायचा हुकूम त्यात कुठे दिसला नाही, म्हणून सूनबाईच लिहिते. तुझा निरोप पोचला. कारखान्याच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, अर्धा राहिलेला लोलक कुणाकडूनही पुरा करून घ्या, असं कळवलंस. रागावले नाहीये. तुझ्या जागी मी असते तर रोज सकाळी सोडलेल्या नवऱ्याचं तोंड बघत दगड फोडायला मीही आले नसते. पण 'कुणाकडूनही' म्हणजे नक्की कुणाकडून गं?

लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू सासऱ्यांना विचारलं होतंस, छताच्या मधोमध हे उलटं दगडी फूल लोंबतं त्याला काय म्हणतात. ते इतके हरखले की चहा तसाच निवला. गिऱ्हाइकं जन्मभर त्याला झुंबर म्हणत आलेली, आणि आमचे चिरंजीव म्हणायचे, 'ते लटकतं ते'. त्यांनी लोलक म्हणून सांगितलं. तुला शाळेतला काचेचा लोलक तेवढा माहीत होता. त्या दिवसापासून कुणी झुंबर म्हटलं की तू त्याला अडवायचीस, पोस्टमनलासुद्धा सोडलं नाहीस. मी तेव्हा म्हणायचे, पोरगी आगाऊ आहे. मनातून मात्र बरं वाटायचं. सासरे गेले आणि त्यांच्या छिन्न्या तू हातात घेतल्यास, तेव्हा तर फारच बरं वाटलं.

नाट्यगृहाच्या जिन्यावरच्या छतात बसवायचा हा लोलक तू करायला घेतलास तेव्हाचा तुझा तो वेडेपणा आठवतो. रोज संध्याकाळी एवढा धोंडा साखळीच्या कप्पीने वर चढवायचीस आणि पोतं अंथरून त्याच्याखाली चक्क उताणी पडायचीस. साखळी तुटली तर पोळीसारखी लाटली जाशील, म्हणून मी किती ओरडले. तू आपली पडल्या पडल्या बोटाने हवेत रेघा मारत राहायचीस. पाकळ्यांमधल्या खाचा तू इतक्या खोल घेतल्यास की टेबलावर तो दगड अगदीच ओबडधोबड दिसायचा. सगळे तसं म्हणाले. तुझं मात्र एकच, लोक जिन्यावरून वर बघणार आहेत, टेबलावर वाकून नाही.

परवा मी तुझं पोतं अंथरलं. हसू नकोस. कप्पी ओढायला पॉलिशवाल्याला लावलं आणि या गुडघ्यांनिशी त्या दगडाखाली आडवी झाले. अगं, काय केलंयस तू ते. जेवढ्या पाकळ्या तुझ्या हातच्या, तेवढ्या सावली पिऊन फुलल्यात, आता उमलून खाली येतील असं वाटतं. पलीकडे नुसता दगड. मध्ये एक पाकळी आमच्या चिरंजीवांची. तू गेल्यावर त्याने करून बघितली, टेबलावर इतकी सुबक दिसायची की मी शाबासकीही दिली होती. खालून ती दिसतच नव्हती. त्याला बोलावून शेजारी झोपवलं. तो उठला आणि छिन्नी जागेवर ठेवून आला. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मला उठवायला मात्र दोघे लागले.

चाळीस वर्षं मी या दगडांच्या धुळीत काढली. तुझ्या सासऱ्यांचा हात मी पाहिलाय आणि त्यांच्यावर माझा जीव होता, म्हणून हे लिहिताना विचार करून लिहिते: तुझा हात त्यांच्याहून चांगला आहे. ते असते तर त्यांनी गल्लीभर सांगायला कमी केलं नसतं. आणि हा हात टाइल्सच्या दुकानात नमुने दाखवतोय! नाट्यगृहवाले थांबायला तयार आहेत. मी मात्र दुसऱ्या कुणाला त्या दगडाला हात लावू देणार नाही, मग तो अर्धाच टांगावा लागला तरी चालेल.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तुझी अडचण दगडाची नाही, माझ्या मुलाची आहे, हे मला कळतं. त्याला मी मागच्या रस्त्यावर गाळा घेऊन दिलाय. फरशा आणि पायऱ्यांचं काम तो तिथे करेल, त्यात त्याचा हात चांगला आहे. त्याने विचारलं, आई, तू माझी की तिची. मी म्हटलं, घरात तुझी, कारखान्यात तिची. दोन दिवस फुगून बसला, मग आपण होऊन सामान हलवलं. काल कारखान्याची पाटी रंगवणारा आला होता. सासऱ्यांच्या नावाखाली तुझं नाव लिहून घेतलं. पुढे आडनाव आमचं ठेवायचं, माहेरचं लावायचं की काहीच नको, हे तुला विचारल्यावाचून मी कसं सांगणार? तेवढी जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. येशील तेव्हा सांग, तो रंग घेऊन येईल.

तुझीच,
आई